मामांनी निवडून आणलेली पानं

आमच्या लॅबमध्ये माती, पाणी आणि पानं तपासून देतात. शेतकरी नमुने आणतात ते प्लास्टिकच्या पिशवीतून, वर्तमानपत्राच्या पुडीतून, कधी जेवणाच्या डब्यातून. मी पुढच्या टेबलावर बसते. फॉर्म भरायचा, पिशवीवर नंबर टाकायचा, पावती फाडायची आणि रिपोर्ट तयार झाला की त्यातल्या सूचना मराठीत लिहून द्यायच्या, हे माझं काम. बॉटनी घेऊन बीएस्सी झाल्यावर सोलापुरात मिळालेली ही पहिली नोकरी. अजून तरी दुसरी मिळालेली नाही.

प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते : 'हा अहवाल फक्त आणून दिलेल्या नमुन्यापुरता आहे.' मूळ ओळ इंग्रजीत होती, मराठीत ती मी केली. लॅब चालवणाऱ्या सरांना ती आवडली होती. माझ्या मामांच्या रिपोर्टखालीही तीच ओळ आहे.

मामा म्हणजे आईचे सख्खे थोरले भाऊ. सांगोल्याच्या बाजूला त्यांचं गाव. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती. मामांनी ती विकली आणि विहिरीच्या भरवशावर डाळिंब लावलं. आधी विहिरीच्या कडेला दोन ओळी, मग दरवर्षी थोडं थोडं पुढं सरकत थेट माळापर्यंत. खड्डे त्यांनी आणि मामींनीच खणले. त्या माळावर हातभर खाली मुरूम लागतो, त्यामुळं एका खड्ड्याला अर्धा दिवस जायचा. बाहेरून माती आणून भरायची, मग रोप. मला आठवतं तेव्हापासून त्या घरात बोलण्याचा विषय बाग हाच. मामींच्या आजारपणाची चौकशी केली तरी मामा दोन वाक्यांत ती संपवून बागेवर यायचे.

आम्ही भवानी पेठेत भाड्यानं राहतो. वडील टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. मला इंग्रजी शाळेत घालायचं आईनं ठरवलं होतं आणि तिथं वर्गात मराठी बोललं की बाकावर उभं करायचे. एकदा उभी राहिले, तेवढं पुरलं. पुढं मी बोलणंच कमी केलं. सुट्टीत मामांकडं गेले की तिथली मुलं माझ्या पुस्तकी मराठीला हसायची. 'पाणी हवं आहे' म्हटलं की दिवसभर तेच वाक्य माझ्यामागं फिरायचं. म्हणजे शाळेत मराठीची लाज आणि गावात पुस्तकी मराठीची. गप्प बसणाऱ्या मुलीला लोक हुशार समजतात, हे मला तेव्हा कळलं आणि मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

आठवीत शाळेनं निशिगंधाचा दांडा लाल शाईच्या पाण्यात ठेवायला सांगितला होता. तो प्रयोग मी मामांच्या घरी, त्यांच्या पितळी तांब्यात केला होता. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पाकळ्यांवर लाल रेषा उमटल्या. मामा उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, "शाई बी पितंय व्हय गं हे? कुटनं चढली?" मला सगळं येत होतं. खोडातल्या नळ्यांची आकृती मी डोळे मिटून काढली असती, सगळी नावं स्पेलिंगसकट. पण ती नावं मराठीत काय, ते माहीत नव्हतं. मी म्हटलं, आतून. मामांनी मान हलवली. त्यांना वाटलं, भाचीनं उत्तर दिलं.

हे सगळं सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही, म्हणून सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी मामांची विहीर मार्चमध्येच तळाला गेली. त्यांनी माळाच्या टोकाला बोअर घेतलं. पाणी भरपूर लागलं, पण चवीला मचूळ होतं. जनावरं पीत होती, म्हणून मामांना वाटलं झाडांनाही चालेल. विहिरीचं उरलंसुरलं पाणी जवळच्या ओळींना मिळायचं, बाकी सगळी बाग ठिबकनं बोअरवर. बोअरला पाणी लागलं तेव्हा फोडलेल्या नारळाचं खोबरं आईनं सोलापूरला आणलं होतं. ते मी खाल्लं होतं. मला बोअर माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

गेल्या दिवाळीनंतर मामांचा आईला फोन आला. माळाकडच्या झाडांची पानं कडेनं वाळत होती. बहर धरावा, म्हणजे फळं घ्यावीत, की यंदा झाडांना विश्रांती द्यावी, त्यांना कळत नव्हतं. आई म्हणाली, पोरीच्याच लॅबमध्ये पानं घेऊन ये की, घरचीच आहे ती. आईनं मला हे रात्री जेवताना सांगितलं. मी बरं म्हटलं. मामांना फोन करून कुठल्या झाडांची पानं आणा, पाणीही आणा, हे मी सांगायला हवं होतं. उद्या करू म्हटलं आणि राहिलं.

मामा आले त्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये एका निर्यात कंपनीचे दोन अधिकारी बसले होते. पुण्याहून आलेले. त्यांना आमच्या रिपोर्टबद्दल काही विचारायचं होतं आणि सर इंग्रजीत अडखळत होते, म्हणून त्यांनी मला आत बोलावलं. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच त्या ऑफिसात माझ्या तोंडून लांब वाक्यं निघत होती. सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. काचेचं दार उघडंच होतं. तेवढ्यात बाहेरून मामांचा आवाज आला.

"बाय, हितं बसतीस व्हय तू?"

केबिनमधले तिघंही बाहेर बघायला लागले. मामा टेबलाशी उभे होते. टोपी, पायजमा, धुळीनं भरलेले बूट, काखेत ओल्या फडक्याचं गाठोडं. चेहराभर हसू. मी बाहेर आले आणि सगळ्या शेतकऱ्यांना म्हणते तेच, त्याच आवाजात म्हणाले, "बसा. फॉर्म भरायचा आहे."

मामांनी माझ्याकडं बघितलं, मग केबिनकडं. हसू ओठांवरून आत गेलं. खुर्चीच्या कडेवर बसत ते म्हणाले, "बरं, मॅडम."

त्यांनी मला टोमणा मारला की मला सांभाळून घेतलं, हे मी त्यांना आजवर विचारलेलं नाही. दुसरंच असणार. त्यामुळं जास्त त्रास होतो.

फॉर्म मी त्यांना काही न विचारता भरला. नाव, गाव, पीक, झाडांचं वय, सगळं मला माहीत होतं. आत अधिकारी माझी वाट बघत होते. एक रकाना असतो, पाण्याचा स्रोत. तिथं मी 'विहीर' लिहिलं. लहानपणापासून त्या बागेचं पाणी म्हटलं की विहीरच डोळ्यांसमोर येते. पण ते कारण मी नंतर शोधलं. खरं कारण असं की बोअर लिहिलं असतं तर आमच्या नियमाप्रमाणं पाण्याचाही नमुना मागावा लागला असता. मामा म्हणाले असते न्हाय आणला, मग बोलणं वाढलं असतं, ते हाय-न्हाय आतपर्यंत ऐकू गेलं असतं. मला ते लवकर जायला हवे होते.

मामांनी फडकं उलगडलं. डाळिंबाची पन्नासेक पानं, विड्याची पानं लावतात तशी देठ एका बाजूला करून लावलेली. सगळी एका मापाची, गडद हिरवी, धुऊन पुसलेली. एकावरही डाग नाही, एकाचीही कड वाळलेली नाही. त्या आधी आमच्याकडं कुठल्याच बागेतून इतकी स्वच्छ पानं आली नव्हती. पानांच्या कडा जळतायत म्हणून जो माणूस तीन तास एसटीनं आला, त्याच्या फडक्यात एकही जळकं पान नव्हतं. मी ते पाहिलं. समजायचं ते मला तिथंच समजलं.

मामा हळू आवाजात म्हणाले, "चांगली हायत न्हवं?"

मी म्हटलं, "हो, चांगली आहेत."

पिशवीवर नंबर टाकला, पावती दिली. पाणी प्यायला विचारलं नाही. मामा उठले, केबिनच्या दिशेनं उगाचच नमस्कार केला आणि गेले. आत गेल्यावर एका अधिकाऱ्यानं विचारलं, कोण होते. मी इंग्रजीत म्हटलं, शेतकरी.

रिपोर्ट अर्थातच उत्तम आला. सगळं जिथल्या तिथं, फक्त पोटॅश थोडं कमी. सरांनी पानांचे आकडे पाहिले, पाण्यापुढं 'विहीर' पाहिलं आणि सूचना दिली : बाग निरोगी आहे, ताण देऊन बहर धरायला हरकत नाही, पोटॅश वाढवून ठिबकमधून द्यावं. ती सूचना मराठीत मी लिहिली. अक्षर सुंदर काढलं होतं. रिपोर्ट आईच्या हाती गावाला पाठवला. मामांनी तो देवघरात ठेवला, असं आई सांगत होती.

ताण म्हणजे काय, ते डाळिंबवाल्यांना सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगते. बहर धरायचा तर आधी झाडाचं पाणी महिना-दीड महिना तोडतात. झाड तहानतं, पानं पिवळी पडून गळतात, फांद्या उघड्या होतात. मग एक दिवस खत देऊन पाणी सोडतात. तहानलेलं झाड अधाशासारखं पितं आणि अंगभर फुलून येतं. आमच्याकडं सगळे असंच करतात. झाडाला मरणाच्या दारापर्यंत नेऊन परत आणायचं, आणि नेमकं कधी परत आणायचं हे ज्याला कळतं तो चांगला बागायतदार. मामांना ते कळायचं. आजूबाजूचे लोक त्यांना विचारून पाणी सोडायचे.

या वेळी मामांनी ताण मोडला तो पोटॅश मिसळलेल्या बोअरच्या पाण्यानं. दीड महिना कोरड्या राहिलेल्या मातीत आधीच मीठ वर येऊन साठलेलं, वर मचूळ पाणी, त्यात आणखी खत. झाडांनी ते प्यायलं. त्यांना दुसरं प्यायला काहीच नव्हतं.

पालवी आली, कळ्याही आल्या. गुढीपाडव्याच्या सुमाराला मामांचा फोन आला तो आईनं घेतला आणि बोलता बोलता ती स्वयंपाकघरात खाली बसली. कळ्या झडत होत्या. नवी पानं कडेनं भाजल्यासारखी होत होती.

पुढच्या रविवारी मी लॅबमधला पाण्याचा खारेपणा मोजायचा छोटा मीटर पर्समध्ये टाकून एकटीच गेले. एसटीत मी एक वाक्य तयार केलं होतं : मामा, फॉर्मवर पाणी विहिरीचं आहे, असं मी लिहिलं. सांगोला येईपर्यंत ते पाठ झालं होतं.

बागेत ठिबकच्या नळ्यांखाली जिथं जिथं थेंब पडत होता, तिथं तिथं पांढरा थर धरला होता. विहिरीकडच्या दोन ओळी हिरव्यागार. तिसऱ्या ओळीपासून रंग उतरत गेलेला, आणि माळाच्या टोकाला नुसत्या काटक्या. मी बोअरचं पाणी पेल्यात घेऊन मीटर बुडवला. आकडा वर वर जात राहिला. मामा वाकून बघत होते. आकडा त्यांना कळला नाही, माझं तोंड कळलं.

मी विचारलं, लॅबला आणली ती पानं कुठली होती. हा प्रश्न विचारायला मला चार महिने लागले.

"हिरीजवळची," मामा म्हणाले. "आता तुज्या हापिसात जळकी पानं कशी आणायची, बाय? भाचीच्या नोकरीच्या जागी जायाचं, चार मोठी मानसं बसलेली आसणार. म्हटलं आपली लाज नको दिसाया. चांगली बगून तोडली, हिरीत धुतली."

लाज झाकायची खोड आमच्या घरात सगळ्यांनाच आहे. पाहुण्यांना फुटका कप कुणी देत नाही. मामांनी पानं नेली ती डॉक्टरकडं नेतात तशी नाही, लेकीच्या सासरी नेतात तशी. आणि त्यांचीच लाज वाटणारी मी तिकडं टेबलापलीकडं बसले होते, त्यांना मॅडम म्हणायला लावत.

तेव्हा मला माझं वाक्य बोलता आलं असतं. पण मामीच मध्ये बोलल्या. त्या बांधावर बसून होत्या. म्हणाल्या, "मी म्हनले हुते, चार जळकी बी घ्या. तर मलाच म्हनले, तुला काय कळतंय. आता पोरीचं नाव खराब झालं तिथं." मामा खाली मान घालून ऐकत होते. मग माझ्याकडं न बघता म्हणाले की सायबांना सांग, मानूस अडाणी हुता, चूक त्याचीच हाय. तुला बोल लागू देऊ नको.

मी मीटर पुसून पर्समध्ये ठेवला. गप्प बसणारी मुलगी म्हणून मी त्या घरात आधीपासूनच प्रसिद्ध आहे.

मे अखेरीला मामांनी बाग काढली. विहिरीकडच्या दोन ओळी ठेवल्या, बाकी सगळ्यावर जेसीबी फिरवला. आई जाऊ शकली नाही, तिनं मला पाठवलं. झाडं उपटताना आवाज फार होत नाही. मुळं वरवरच पसरलेली होती, खाली मुरूम. एका झाडाला अर्धा दिवस लागलेला खड्डा जेसीबीनं मिनिटात उलटा केला. मामा एका जागी उभे राहून बघत होते. मग उपटलेल्या एका झाडाचं खोड त्यांनी कुऱ्हाडीनं आडवं तोडलं आणि तो तुकडा माझ्यापुढं धरला.

"कुटनं चढतंय पानी, दाव की."

बांधावर बसून मी दाखवलं. या वेळी मला मराठीत सांगता आलं. लॅबमध्ये वर्षभर दुसऱ्यांना सूचना लिहून तेवढं शिकले होते. मी सांगितलं की या लाकडात केसाहून बारीक नळ्या असतात, मुळापासून थेट पानाच्या टोकापर्यंत. खालून पाणी कुणी ढकलत नाही. पानातलं पाणी उन्हानं उडून जातं, आणि जेवढं उडतं तेवढं पान खालून ओढून घेतं. ओढ वरून असते. पाण्यात जे विरघळलेलं असतं, खत म्हणा, मीठ म्हणा, ते पाण्याबरोबर वर जातं. मूळ थोडीफार निवड करतं, पण सगळंच पाणी खारट झालं तर त्याचंही चालत नाही. आणि पानातून उडतं ते फक्त पाणी. मीठ उडत नाही. ते मागं राहतं, आणि पाण्याचा प्रवास जिथं संपतो तिथं, म्हणजे पानाच्या कडेला, साठत जातं. म्हणून आधी कड जळते. जास्त ऊन, जास्त तहान, तेवढं जास्त मीठ.

मामा आठवीतल्या मुलासारखे ऐकत होते. मधे एकदाच त्यांनी विचारलं, विहिरीकडच्या पानांत ते का नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी खोडाच्या तुकड्यावरून अंगठा फिरवला.

"म्हंजी मीच पाजलं," ते म्हणाले.

आणि थांबले. मी 'नाही' म्हणावं, असं त्यांना हवं होतं. एवढं शिकलेली भाची शेजारी बसलीय, ती म्हणेल, नाही मामा, एकट्या तुमची चूक नाही. मला ते वाक्य येत होतं. मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळणार होतं, मामा."

त्यांचा दोष त्यांच्याकडंच राहील आणि माझा कुणाला दिसणार नाही, असं ते वाक्य. सुचायला क्षणही लागला नाही.

या पावसाळ्यात मामांनी माळावर बाजरी पेरली. काही आली, काही नाही. आता ते गावात आणि बाजारात भेटेल त्याला आपली गोष्ट सांगतात. डाळिंबवाला दिसला की त्याला थांबवून सांगतात, भाचीच्या लॅबमध्ये जा, पण माझ्यासारखी हिरवी पानं नेऊ नको. लोक हसतात, मामाही हसतात म्हणे. आणि त्यांचं ऐकून लोक खरंच येतात. महिन्यातून दोघं-तिघं तरी असतातच. माझ्यापुढं जळकी, सुरकुतलेली पानं ओततात आणि आपणहून मामांचा किस्सा सुरू करतात. गेल्या आठवड्यात आलेले एक गृहस्थ तर खुर्चीत मागं रेलून म्हणाले, "तुमचं मामा म्हंजी लई भारी मानूस बगा. सोताचं येडेपन कोन असं उघडं सांगतंय? भाचीचा काय दोष न्हाय म्हनाले, तिनं बिचारीनं दिलं ते तपासलं."

सर केबिनमधून ऐकत होते. मला म्हणाले, तुमच्या मामांमुळं आपल्याकडं नमुने वाढले.

मी त्या गृहस्थांना पाणी दिलं आणि फॉर्म पुढं ओढला. नाव, गाव, पीक विचारून लिहून घेतलं. पाणी कुठलं, ते दोनदा विचारलं.